दूध न सोसणाऱ्यांचे ताट

द्रोणाचार्यांच्या घरी दूध नव्हते. इतरांची मुले दूध पिताना पाहून अश्वत्थामा रडू लागला, तेव्हा त्याला पाण्यात पीठ कालवून दिले गेले आणि आपण दूधच प्यालो असे समजून तो पोर आनंदाने नाचू लागला. दारिद्र्याचे याहून विदारक चित्र भारतीय मनाला क्वचितच सुचले असेल. तेव्हापासून या देशात गरिबी मोजण्याचे एक माप ठरून गेले आहे: ज्याच्या घरी दूधदुभते तो सुखी, ज्याच्या घरी ते नाही तो अभागी. समाजवादी चळवळीनेही हेच माप स्वीकारले. गोकुळातील दूध मथुरेच्या बाजारी जाऊ नये म्हणून गवळणींची वाट अडवणाऱ्या कृष्णाचा दाखला आपल्या व्यासपीठांवरून किती वेळा दिला गेला असेल याची गणती नाही. तो दाखला रास्तच होता, कारण ज्याच्या गोठ्यात दूध निघते त्याच्या लेकराला ते मिळालेच पाहिजे. परंतु या साऱ्या वक्तृत्वात एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला. दुधाचा पेला गरिबाच्या हाती आला आणि त्याच्या पोटाला तो सोसलाच नाही, तर पुढे काय?

हा प्रश्न चैनीचा वाटेल, पण तो ढाणकीसारख्या गावात जाऊन विचारावा. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, उमरखेड तालुक्यात, पैनगंगेच्या खोऱ्यात वसलेले हे बाजाराचे गाव. नदीपलीकडे नांदेड जिल्हा सुरू होतो आणि अलीकडच्या जंगलपट्टीला लोक आजही ‘बंदी भाग’ म्हणून ओळखतात. आंध, बंजारा, बौद्ध, मुसलमान आणि कोरडवाहू कुणबी अशा कष्टकऱ्यांची ही वस्ती कापूस आणि सोयाबीन यांच्या भावावर जगते. या वस्तीत ‘मला दूध सोसत नाही’ हे वाक्य नवे नाही. दूध प्याल्यावर पोट फुगते, गुरगुरते, कळ येते आणि ढाळ लागते, हे सांगणारे म्हातारे घरोघर आहेत. पहाटे निंदणीला निघणाऱ्या मजूर बाईला असा त्रास झाला की तिचा दिवस बुडतो आणि दिवसाबरोबर रोजही बुडतो. शेतात आडोसा नसतो, पाणी नसते आणि मुकादम वाट पाहत नसतो. त्यावर तिला सल्ला मिळतो तो असा: ‘अशक्तपणा आला आहे, दूध घेत जा.’ ती उसनवारीने दूध आणते, पुन्हा आजारी पडते आणि अखेरीस स्वतःच्या पोटालाच दोष देते.

वस्तुतः दोष तिच्या पोटाचा नाही. दुधात दुग्धशर्करा असते, तिलाच लॅक्टोज म्हणतात. गाईम्हशीच्या शंभर मिलिलिटर दुधात ती सुमारे पाच ग्रॅम असते. लहान आतड्यातील लॅक्टेज नावाचे विकर या शर्करेचे विघटन करते. अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळात हे विकर भरपूर असते आणि म्हणूनच गाईच्या दुधापेक्षा अधिक दुग्धशर्करा असलेले आईचे दूध त्याला सहज पचते. दूध तुटल्यानंतर मात्र बहुसंख्य माणसांत हे विकर ओसरत जाते. न पचलेली शर्करा मोठ्या आतड्यात जाऊन आंबते, वायू धरतो आणि पातळ शौच होते. जगातील सुमारे दोनतृतीयांश प्रौढांची हीच अवस्था आहे. थोडक्यात, मोठेपणी दूध न पचणे हा मनुष्यजातीचा सर्वसाधारण धर्म असून मोठेपणीही ते पचणे हे काही पशुपालक समूहांत रुजलेले वेगळेपण आहे. भारतात १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्लीत तपासलेल्यांपैकी २७.४ टक्के लोकांना दुग्धशर्करा पचत नसल्याचे आढळले, तर त्रिवेंद्रम व पाँडेचरी येथे हेच प्रमाण ६६.६ टक्के होते. वायव्येकडून दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे जावे तसे दूध पचवणारे कमी होत जातात, ही गोष्ट पुढे आनुवंशशास्त्रानेही दाखवून दिली. म्हणजे पंजाबच्या पोटाला जे मानवते ते सगळ्या देशाच्या पोटाला मानवावे, हा हट्टच मुळात अशास्त्रीय आहे.

येथे दोन पथ्ये सांगितली पाहिजेत, कारण अर्धवट माहितीने केलेला प्रचार माणसांच्या अंगाशी येतो. पहिले पथ्य असे की दूध न सोसणे म्हणजे दुधाचे विष होणे नव्हे. असा त्रास असणाऱ्यांपैकी पुष्कळांना जेवणाबरोबर घेतलेले थोडे दूध चालते. विरजताना दुग्धशर्करा काही प्रमाणात घटते, म्हणून दही-ताक अनेकांना सोसते. साजूक तुपात तर ती जवळपास नसतेच. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी हा मात्र निराळा आणि अधिक धोक्याचा विकार आहे, त्यात थेंबभर दूधही वर्ज्य ठरते. दुसरे पथ्य असे की तान्ह्याचे आईचे दूध या कारणाने कधीही तोडू नये. हगवणीने खंगलेल्या बालकाला काही काळ वरचे दूध पचत नाही, पण ती अवस्था बहुधा तात्पुरती असते. मोठ्या माणसाने दोन आठवडे दूध थांबवून पाहावे. त्रास थांबला आणि दूध घेताच परतला तर कारण उघड झाले. शौचातून रक्त जात असेल वा वजन उतरत असेल तर मात्र डॉक्टरांकडेच गेले पाहिजे.

काळ्या मातीचे जुने ताट

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दूध सोडले तर खायचे काय? मध्यमवर्गीय पोषणवादी हा प्रश्न असा विचारतात, की जणू दुधावाचून हाडे उभीच राहत नाहीत. पैनगंगेच्या खोऱ्यातील कष्टकऱ्याने मात्र पिढ्यान् पिढ्या दुधावाचून हाडे उभी ठेवली आहेत. या मुलखात गाय पाळली गेली ती मुख्यतः बैलासाठी. नदीपलीकडच्या नांदेड जिल्ह्यातील लाल कंधारी जनावर प्रसिद्ध आहे ते ओढकामाबद्दल. कपाशीच्या काळ्या जमिनीत वखर ओढणारा गोऱ्हा हे तिचे खरे उत्पन्न, दूध हे वरकड. जे थोडे निघे त्याचे लोणी-तूप होई आणि ताक वाडीवस्तीत फुकट वाटले जाई. ‘दुधाची तहान ताकावर’ ही म्हण खंत म्हणून वापरली जाते, पण या पोटांच्या दृष्टीने ताक हीच शहाणपणाची निवड होती.

आणि ताकाचाही आधार नसला तरी ताट रिकामे नव्हते. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, तिळाची, जवसाची आणि कारळाची चटणी, शेवग्याचा पाला, पावसाळ्यात तरोटा, हरभऱ्याच्या घुगऱ्या, शेंगदाणे, आठवड्याला कधी अंडे, कधी मटण, कधी बाजारातली सुकट, असे ते ताट होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे जुने, सर्वपरिचित तक्ते पाहिले तर या ताटाची किंमत कळते. शंभर ग्रॅम गाईच्या दुधात १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि म्हशीच्या दुधात २१०. तितक्याच वजनाच्या नाचणीत ते ३४४, शेवग्याच्या पाल्यात ४४०, हरभऱ्यात २०२, सोयाबीनमध्ये २४० आणि तिळात १४५० मिलिग्रॅम असते.

हिशेबच मांडायचा तर एका प्रौढाच्या दिवसाचा मांडावा. तीनशे ग्रॅम ज्वारीतून ७५ मिलिग्रॅम, पन्नास ग्रॅम तूरडाळीतून ३६, वीस ग्रॅम तिळातून २९०, पन्नास ग्रॅम शेवग्याच्या पाल्यातून २२०, पन्नास ग्रॅम हरभऱ्यातून सुमारे १०० आणि पन्नास ग्रॅम नाचणीतून १७२. ही बेरीज ८९३ भरते. प्रौढ माणसासाठी २०२० साली ठरवलेली शिफारस दिवसाला एक हजाराची आहे. वनस्पतींतील सगळे कॅल्शियम अंगी लागत नाही हे खरे, पण भिजवणे, मोड आणणे, आंबवणे आणि भाजणे या घरोघरच्या रीतींनी ते अधिक लागते. डाळ-भाकरी एकत्र खाल्ली की प्रथिनांचेही भागते. उणीव राहते ती मुख्यतः ब-१२ जीवनसत्त्वाची, कारण ते या वनस्पतींत मिळत नाही. ही उणीव अंडी, मासे आणि मांस भरून काढतात. काट्यासकट खाल्लेली सुकट तर कॅल्शियमही पुरवते. जो अंडे, मासे, मांस खात नाही आणि ज्याला ताकही सोसत नाही, त्याने डॉक्टरी सल्ल्याने ब-१२ ची गोळी घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

याचा अर्थ दुधावाचून उत्तम जेवण ही अशक्य कोटीतील गोष्ट मुळीच नाही. ढाणकीच्या शिवारात या ताटातील नाचणी सोडली तर जवळजवळ सारे पिकू शकते. मग ते ढाणकीच्या मजुराच्या पुढ्यात का नाही? राजकारण सुरू होते ते येथून.

ताट कोणी पळवले?

ज्वारीच्या जागी कापूस आणि कापसाबरोबर सोयाबीन आले. बाजाराने नगदी पिकाला बोलावले, सावकाराने आणि बँकेने कर्ज नगदी पिकाला दिले आणि बांधावरची तीळ-अंबाडी, कपाशीच्या ओळींतील ज्वारी-तूर आकसत गेली. प्रथिनांनी भरलेले सोयाबीन ढाणकीच्या आसमंतात पिकते, परंतु ते थेट तेलगिरणीची वाट धरते आणि त्याची पेंड कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यासाठी देशात आणि परदेशांत विकली जाते. ज्या शेतकऱ्याने ते पिकवले त्याचे पोर मात्र शिधावाटप दुकानातील गहू-तांदळावर वाढते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य रुपया किलोने देण्याची तरतूद झाली, पण हक्काची म्हणून डाळ नाही, तेल नाही, तीळ तर दूरच. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. ज्वारी-बाजरीला ‘श्री अन्न’ असे भारदस्त नाव मिळाले. नाव मिळाले, ताटात भाकरी मिळाली नाही.

दुसऱ्या बाजूने राज्यकर्त्यांनी दूध मात्र हिरिरीने पुढे रेटले. १९७० साली सुरू झालेली दुग्धमहापूर योजना युरोपीय समुदायाने दान दिलेल्या दूधभुकटी आणि बटर ऑइलच्या विक्रीवर उभी राहिली. ते दान म्हणजे युरोपच्या गोदामांत न मावणारे वरकड उत्पादन होते. या योजनेने सहकाराची मोठी उभारणी केली हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिचे दूध वाहत गेले ते महानगरांकडे. १९८३ साली क्लॉड अल्वारिस यांनी ‘इलस्ट्रेटेड वीकली’मधून या योजनेवर कडाडून टीका केली, देशभर वाद पेटला आणि सरकारला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. त्या वादात खेड्यातून जाणाऱ्या दुधाबरोबर खेड्यातील ताकही गेले, हा मुद्दा होता. संकलन केंद्रावर दूध घातले की घरी लोणी निघत नाही, आणि लोणी निघाले नाही की भूमिहीनाच्या गाडग्यात पडणारे फुकटचे ताकही आटते.

यवतमाळ जिल्ह्याने याचा कळस २००६ साली पाहिला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देश हादरल्यावर त्या वर्षीच्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात निम्म्या अनुदानावर भरपूर दूध देणाऱ्या संकरित गाई वाटण्याची योजना होती. ज्याला स्वतःच्या लेकरांना पोटभर घालता येत नव्हते, त्याच्या दारात रोज हिरवा चारा, ढेप आणि मुबलक पाणी मागणारे जनावर उभे केले गेले. पुष्कळांनी त्या गाई विकून टाकल्या, हे त्या काळी वृत्तपत्रांतून सविस्तर आले. शेतकऱ्याला कापसाचा भाव हवा होता, सरकारने त्याला गाय दिली.

अंड्याचा द्वेष

दुधाचा हा आग्रह केवळ पोषणाचा असता तर त्याच्याशी वाद घालणे सोपे होते. पण त्यामागे एक सामाजिक उतरंड उभी आहे. दूध-तूप हे सात्त्विक, अंडे-मांस हे तामस, ही वर्गवारी आयुर्विज्ञानाने केलेली नाही. ती वर्णव्यवस्थेच्या स्वयंपाकघरात शिजली आहे. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैल आणि वळूंनाही लागू झाला. त्यामुळे गरीब दलित-मुस्लिम कुटुंबांच्या ताटातील स्वस्त प्रथिने गेली आणि म्हातारा बैल विकून नवा घेण्याची शेतकऱ्याची सोयही गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे आणि अंडे न खाणाऱ्याला केळे देण्याचा निर्णय घेतला. धार्मिक संघटनांनी ओरड केली आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यासाठीचा आपला निधी काढून घेतला. ज्या शाळांना अंडी द्यायची असतील त्यांनी लोकसहभागातून द्यावीत, असा शहाजोग सल्ला सोबत होता. ढाणकीच्या शेतमजुराने आपल्या पोराच्या अंड्यासाठी वर्गणी कोणाकडे मागावी, हे काही त्या निर्णयात लिहिले नव्हते.

ज्या मुलाला दूध सोसत नाही त्याच्यासाठी अंडे हे ब-१२ आणि उत्तम प्रथिने एकत्र देणारे, भेसळ न होणारे आणि मोजून देता येणारे अन्न आहे. त्यात पाणी घालता येत नाही. ते काढून घेणे म्हणजे या मुलाला उपाशी ठेवून वर त्याच्या पोटाला नावे ठेवणे होय.

बाजाराने या दुखण्यातही धंदा शोधलाच आहे. महानगरांत बदामाचे दूध, ओटचे दूध, लॅक्टोजविरहित दूध अशी खोकी चकाकत आहेत. श्रीमंताला दूध सोसले नाही तर त्याच्यासाठी कारखाना उभा राहतो, गरिबाला सोसले नाही तर त्याला ‘नाजूक’ म्हणून हिणवले जाते. ढाणकीच्या मजुराला हे खोके नको आहे. त्याला मूठभर तीळ, वाटीभर घट्ट वरण आणि एक अंडे हवे आहे.

आक्षेप आणि उत्तर

पक्षातीलच काही मित्र म्हणतील की ही भूमिका दूध उत्पादकाच्या मुळावर येईल. हा आक्षेप गंभीर आहे, परंतु खरा नाही. दुधाला रास्त भाव मिळावा म्हणून रस्त्यावर उतरणारा शेतकरी हा समाजवादी चळवळीचा सोबती आहे आणि राहील. ज्यांना दूध पचते त्यांचा बाजार अफाट आहे. उत्पादकाची पिळवणूक होते ती भाव पाडणारे खाजगी संकलक आणि भेसळखोर यांच्याकडून, ढाणकीच्या पोराने अंडे खाल्ल्याने नव्हे. दुसरे मित्र म्हणतील की आधीच भुकेल्या मुलांच्या तोंडचे दूध काढू नका. तेही कोणी मागत नाही. ज्याला सोसते त्याला दूध अवश्य द्यावे. ज्याला सोसत नाही त्याच्यासाठी तितक्याच मोलाचा पर्याय ताटात असावा, आणि तो देताना त्याच्या पोटाची वा जातीची चेष्टा होऊ नये, एवढेच मागणे आहे. केळे हे अंड्याला पर्याय म्हणून देता येते, तर अंडे वा तिळाचा लाडू हा दुधाला पर्याय म्हणून का देता येऊ नये?

म्हणून कार्यकर्त्यांनी ‘प्रत्येक बालकाला पेलाभर दूध’ ही आपल्याच जुन्या फलकांवरील घोषणा आता दुरुस्त केली पाहिजे. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही, चूक झाली ती कबूल करावी. उमरखेड तहसीलवर पुढचा मोर्चा नेताना मागण्या नेमक्या असाव्यात. शिधावाटप दुकानात ज्वारी, तूरडाळ आणि तेल हक्काने मिळावे. ही ज्वारी आणि तूर त्याच तालुक्यातील शेतकऱ्याकडून हमीभावाने खरेदी व्हावी, म्हणजे कपाशीच्या ओळींत ती पुन्हा उगवेल. शाळा, अंगणवाड्या आणि आश्रमशाळांत अंडे सरकारी खर्चाने मिळावे, आणि अंडे न खाणाऱ्याला तीळ-शेंगदाण्याचा लाडू व नाचणीची आंबील मिळावी. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी आणि आशाताईंनी ‘दूध घ्या’ म्हणण्यापूर्वी ‘दूध सोसते का’ हे विचारावे. यातील एकाही मागणीला परदेशी भुकटी लागत नाही की संकरित गाय लागत नाही.

अश्वत्थाम्याला दूध म्हणून पिठाचे पाणी पाजले गेले, ती गरिबाची फसवणूक होती आणि तिची चीड आजही यायला हवी. पण ज्याला दूध सोसत नाही त्याच्यापुढे दूधच ठेवून पोषणाचे कर्तव्य पार पडले असे मानणे ही त्याच फसवणुकीची उलटी बाजू आहे. त्या पिठाची भाकरी भाजून, वर तिळाची चटणी घालून ती त्या पोराला कोणी पोटभर वाढली असती, तर त्याला कसलेही सोंग नाचवावे लागले नसते. ढाणकीच्या पोराला ती भाकरी मिळवून देणे हे चळवळीचे काम आहे, आणि ते उमरखेड तहसीलच्या दारापासून सुरू होते.